रकाना सात

२ डिसेंबर

ताईस नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून पुढे लिहिते.

पावणेतीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला माहीत आहे. घाबरू नकोस, मी बरी आहे. लग्न ठरलेलं नाही आणि नोकरीही गेलेली नाही.

पत्र कामाचं आहे. मी दीड वर्षापासून एकत्रित खरेदी कक्षात आहे, हे चुलतभावाने तुला सांगितलं असेलच. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. विभागातली एकोणचाळीस रुग्णालयं पूर्वी आपापली औषधं मागवायची. साठ खाटांच्या रुग्णालयाने इंजेक्शनच्या चाळीस व्हायल मागितल्या की कंपन्या पत्राचं उत्तरसुद्धा देत नसत. हे तू औषधभांडारात बसून माझ्यापेक्षा जास्त भोगलं आहेस. आता सगळ्यांची मागणी आमच्याकडे येते, आम्ही ती एकत्र करतो आणि एकच मोठी मागणी घेऊन कंपन्यांसमोर बसतो. जूनमध्ये एका कंपनीचा माणूस आमच्या जिन्यात पाऊण तास उभा होता, कारण खोलीत पाचवी खुर्ची नाही. शेवटी आत आला तेव्हा आमचे कक्षप्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणतात, त्याला म्हणाले, ‘बसा ना.’ तो म्हणाला, ‘कुठे बसू, साहेब?’ साहेब म्हणाले, ‘आमची रुग्णालयं दहा वर्षं तुमच्या दारात उभी होती. तुम्ही तासभर काढा.’ त्या दिवशी मला माझं काम आवडलं होतं.

आता मुद्दा. मार्चमध्ये प्रत्येक रुग्णालय मागणीपत्रक पाठवतं, आणि त्यावरून वर्षाचा अंदाज काढायचं काम माझं. रकाना पाचमध्ये गेल्या वर्षभराचा वापर असतो. रकाना सातमध्ये, वर्षात किती दिवस ते औषध शिल्लकच नव्हतं, ते लिहायचं असतं. तुमच्या फॉर्मवर मेरोपेनेमच्या ओळीत पाचात शून्य होतं आणि सात रिकामा. शून्यावरून अंदाज शून्यच येतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये ते इंजेक्शन अडतीस ठिकाणी गेलं आणि तुमच्याकडे आलं नाही. हे नियमाप्रमाणे झालं.

आता पुरवणी मागणी निघते आहे. कोरा फॉर्म सोबत ठेवला आहे. या वेळी रकाना सात भर. खरे दिवस लिही. वीस तारखेच्या आत पाठव.

पेन्सिल गेल्याचं कळलं. बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी, रक्तात संसर्ग पसरून, मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर रुग्णवाहिकेत. साध्या अँटिबायोटिकांचा उपयोग होत नव्हता आणि दुसरं हाताशी नव्हतं, एवढंच चुलतभावाने सांगितलं. शाळेत ती सहा वर्षं माझ्या बाकावर होती, पेन्सिल हे नाव तिथलंच. कंपासपेटी तिची आणि गणितं माझी, असा आमचा करार होता. याबद्दल आणखी मला काही लिहिता येत नाही.

कळावे.

तुझी बहीण
(कक्षाच्या वतीने)


१७ डिसेंबर

ताईस नमस्कार.

फॉर्म पोचला. रकाना सातमध्ये तू ‘३६५’ लिहिलं आहेस आणि खाली रेघ मारली आहेस. टाचणीने लावलेली चिठ्ठीही मिळाली. ‘साठ व्हायल मिळाल्या तरी भागेल. पेन्सिलची मुलगी आजीकडे आहे, काल वजन तीन किलो दोनशे. तुझे भावोजी स्कूटरशी बोलतात, माझ्याशी नाही. तू वेळेवर जेवतेस का?’ ही चिठ्ठी मी चार वेळा वाचली. चौथ्या वेळी लक्षात आलं की जेवणाचा सोडून तू मला एकही प्रश्न विचारलेला नाहीस.

जेवते. डबा लावला आहे. भाजीत मीठ कमी असतं. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुप्पट असतं, म्हणून तक्रार करत नाही.

पुरवणी मागणीचा माल एप्रिलच्या आधी येणार नाही. पण सतरा नंबरच्या रुग्णालयाने नव्वद व्हायल जास्त मागवल्या होत्या, त्यातल्या साठ तुमच्याकडे वळवल्या आहेत. खरेदी एकत्र असल्यामुळे हे एका सहीने होतं. गुरुवारी पोचतील. खोकं उघडल्यावर आधी मुदतीची तारीख बघ आणि मग पोच दे. हे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते.

तुमच्याकडे चौकशी बसली आहे हे मला इथल्या फाइलीवरून कळलं, तुझ्याकडून नाही. समितीच्या पत्रात लिहिलं आहे, ‘औषधभांडार प्रमुखांनी सदर औषधाची गरज शून्य कळविल्याचे दिसते.’ औषधभांडार प्रमुख म्हणजे तू. खाली लिहिलं आहे की हलगर्जी सिद्ध झाल्यास निलंबन. पेन्सिलच्या नावाऐवजी ‘मयत रुग्ण, वय सव्वीस’ असं आहे.

आमच्याकडे आकडेवारी बघणारा एक जण आहे. वय चौतीस, पण भर उन्हाळ्यात स्वेटर घालतो म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. तो पत्र वाचून म्हणाला, ‘शून्य त्यांनीच लिहिलंय ना? मग आपल्या पोटात का दुखतंय?’

मी म्हटलं, ‘शून्य म्हणजे लागलं नाही असंही होतं आणि मिळालं नाही असंही होतं.’

‘अगं, म्हणून तर नियम आहे. सात रिकामा दिसला की फोन करून विचारायचं. आणि तू विचारलंस की. तपासणी यादीत टिक आहे तुझी, सही आहे.’ मग चहाचा कप ठेवत म्हणाला, ‘तुझ्यासारखी काटेकोर मुलगी नसती तर आज आपली धडगत नव्हती.’

मी फाइल बंद करून कपाटात ठेवली.

तो रकाना काही जण रिकामा का ठेवतात ते मला ठाऊक आहे. शिल्लक नाही असं लिहिलं की वरून खुलासा मागवतात, ‘वेळेत मागणी का केली नाही?’ मागणी केलेली असते, औषध आलेलं नसतं, आणि खुलासा मात्र भांडारवाल्याने द्यायचा. तू दोन वर्षांपूर्वी असे तीन खुलासे दिलेस, हे मी जुन्या फायलीत वाचलं आहे. त्यानंतर तू रकाना भरायचं सोडलंस. त्यात मला नवल वाटलं नाही. मार्चमध्येही वाटलं नव्हतं.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. आईच्या शेवटच्या आठवड्यात तू मला कळवलं नाहीस, कारण माझे पेपर चालू होते. मी आले तेव्हा खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि फरशी पुसून वाळलीही होती. तू म्हणालीस, ‘सांगून काय केलं असतंस? पेपर टाकून आली असतीस.’ मी म्हटलं, ‘हो, आले असते.’ तू म्हणालीस, ‘म्हणूनच नाही सांगितलं.’ त्यानंतर आपण बोललो नाही. मी बोलले नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही.

हे आजच का लिहिते आहे ते मला माहीत आहे. पण या पत्रात लिहिण्याचं धैर्य नाही.

तुझी बहीण


११ जानेवारी

ताई,

नमस्कार आणि खुशाली या वेळी राहू दे.

साठ व्हायल पोचल्या, त्यातल्या एकवीस एका म्हाताऱ्या गवंड्याला दिल्या आणि आठव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला, हे तुझ्या अहवालात वाचलं. ‘आपल्या पायांनी’ हे शब्द अहवालात लिहायचे नसतात. तू लिहिलेस, बरं केलंस.

काल चौकशीची फाइल आमच्या अभिप्रायासाठी आली. पान चौदावर तुझा जबाब आहे.

प्रश्न असा: रकाना सात रिकामा असल्याबाबत खरेदी कक्षातून आपणास दूरध्वनी आला होता काय? त्याला तुझं उत्तर: हो, मार्चमध्ये आला होता. हे औषध आमच्याकडे लागत नाही, असं मीच सांगितलं.

खाली तुझी सही आहे. नेहमीची, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर जाणारी.

फोन आला नव्हता, ताई.

क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही. एकोणीस मार्चला माझ्या टेबलावर दहा फॉर्म होते ज्यांचा रकाना सात रिकामा होता. नऊ ठिकाणी मी फोन केले. एका भांडारातल्या बाई म्हणाल्या, ‘किती दिवस नव्हतं काय विचारता? कुठल्या दिवशी होतं ते विचारा, तेवढं आठवतंय.’ नऊही ठिकाणी शून्याचा अर्थ ‘मिळालं नाही’ असाच निघाला. दहाव्या ठिकाणी काय निघणार हे ओळखायला माझं शिक्षण लागत नव्हतं. दहावा फॉर्म सत्तावीस नंबरचा, म्हणजे तुमचा. मी रिसीव्हर उचलला, पाच आकडे दाबले आणि ठेवून दिला. तू ‘बोला’ म्हणाली असतीस, मला माझं नाव सांगावं लागलं असतं, आणि मग तू काय म्हणाली असतीस ते ऐकावं लागलं असतं. तेव्हा मनात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं लिहिते. तिने तरी मला कुठे कळवलं होतं?

मग मी सत्तावीसपुढे टिक केली आणि सही केली. नंतर डबा उघडून जेवले.

विसरले असं सांगता आलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये माल आला तेव्हा गोदामात मीच होते. तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखले आहेत आणि प्रत्येक चौकोनात एका रुग्णालयाचा नंबर आहे. सत्तावीसच्या चौकोनात सलाइन होतं, हातमोजे होते, साध्या गोळ्यांची खोकी होती. मेरोपेनेमचं निळ्या पट्टीचं खोकं प्रत्येक चौकोनात सगळ्यात वर ठेवलेलं होतं, फक्त तिथे नव्हतं. हमाल म्हणाला, ‘मॅडम, ह्यांचं एक राहिलं वाटतं गाडीत.’ मी यादीवर बोट ठेवून म्हटलं, ‘नाही, यादीप्रमाणे बरोबर आहे.’ त्याने खांदे उडवले आणि दोर आवळला.

तेव्हा हातात पाच आठवडे होते. एका सहीने साठ व्हायल वळवता येतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पेन्सिलला आठवा चालू असेल.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की हे नियमाप्रमाणे झालं. ते खोटं आहे. दुसऱ्या पत्रात खोटं काही नाही, पण जे लिहायचं होतं तेही नाही. त्या दिवशी आजोबाने टिक आहे म्हटलं आणि मी गप्प राहिले. तू त्या वेळी तिकडे समितीपुढे बसली असशील.

काल साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, ‘झालं, तुम्ही मोकळ्या. त्या बाईंनी कबूलच करून टाकलंय.’

मी म्हटलं, ‘त्या माझ्या सख्ख्या बहीण आहेत.’

त्यांनी चष्मा काढला. ‘आडनाव वेगळं आहे.’

‘लग्नानंतरचं आहे. आणि मी फोन केला नव्हता, साहेब. टिक खोटी आहे.’

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग उठून दार लावलं. ‘हे बघा,’ ते म्हणाले, ‘झाकली मूठ राहू द्या. माणूस गेला तो काही परत येत नाही. हा कक्ष दीड वर्षाचं पोर आहे. वर सगळे टपून बसलेत, कधी आमची चूक सापडते आणि कधी हे दुकान बंद करतात. तुमच्या एका टिकपायी एकोणचाळीस रुग्णालयं पुन्हा कंपन्यांच्या दारात उभी करायची का? तो गवंडी कशामुळे वाचला? आपण एकत्र होतो म्हणूनच ना?’

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आज सकाळपर्यंत मी ते सगळ्या बाजूंनी तपासलं. गवंडी एकत्र खरेदीमुळे वाचला, हे खरंच आहे. पण पेन्सिल गेली तीही एकत्र खरेदीतच. पूर्वी तुमचं रुग्णालय स्वतः भांडून चार व्हायल तरी आणायचं. आता सगळं माझ्या टेबलावरून जातं, म्हणून माझी टिक खरी असायला हवी होती. ही खोटी टिक फाइलीत खरी म्हणून राहिली, तर पुढच्या मार्चमध्ये कोणीही कुठेही टिक करेल, आणि नियम तर पाळला असंच सगळे म्हणतील.

आज अकरा वाजता मी लेखी निवेदन दिलं. सोबत मार्च महिन्यात कक्षातून बाहेर गेलेल्या फोनची यादी जोडली. त्यात ते नऊ नंबर आहेत, तुमचा कुठेच नाही. म्हणजे तुझ्या शब्दावर काही अवलंबून नाही. साहेबांनी वाचलं आणि पोचेचा शिक्का उलटा मारला. मग तो खोडून पुन्हा सुलटा मारला.

तू ‘हो’ का म्हणालीस? मला दोन कारणं सुचतात. समितीने तुला तपासणी यादी दाखवली असेल, त्यावर तू माझी सही ओळखली असशील, आणि तुझ्या ‘नाही’मुळे माझं काय होईल हे तुला तिथल्या तिथे कळलं असेल. दुसरं, रकाना तू रिकामा ठेवला होतास आणि पेन्सिलच्या आईसमोर तुला ते रोज आठवत असेल. कारण कुठलंही असो, तू मला विचारलं नाहीस. आईच्या वेळीही माझ्यावर काय पडावं आणि काय पडू नये, हे तूच ठरवलंस. हे रागाने लिहीत नाही. राग मार्चपर्यंत होता. त्याचं मी काय केलं ते वर लिहिलं आहे.

समितीचे लोक सोमवारी तुझ्याकडे पुन्हा येतील. जबाबात दुरुस्ती देता येते. त्याचा नमुना जोडला आहे. एकच वाक्य लिही: फोन आला नव्हता. का खोटं सांगितलं ते विचारतील. तेही खरं सांग. त्याबद्दल तुला ताकीद मिळेल, बहुधा लेखी. निलंबन होणार नाही, असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे आणि माझ्या अंदाजांचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. औषध येत नाही म्हणून तू गेल्या वर्षी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती शोधून ठेव. तू कागद टाकत नाहीस, त्या असतीलच.

माझी कक्षातून उचलबांगडी होईल हे नक्की. त्यापुढचं माहीत नाही. आजोबाने संध्याकाळी जाताना माझ्या टेबलावर संत्रं ठेवलं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

शनिवारच्या पहिल्या बसने येते. स्टँडवरून थेट पेन्सिलच्या आईकडे जाईन. चौकशीच्या कागदातून किंवा चुलतभावाच्या तोंडून त्यांना हे कळू नये. त्या आत घेतील असं धरून चालत नाही. काय सांगायचं ते लिहून काढायला बसले होते. तीन ओळी झाल्या आणि तिन्ही ‘मी’ने सुरू होत होत्या, म्हणून कागद टाकून दिला. समोर उभी राहीन तेव्हा जे निघेल ते निघेल.

तुला एक मागणं आहे. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. वाचून झालं की तू चपला घालशील, त्यांच्याकडे जाशील, आणि मी यायच्या आत माझ्या वतीने काहीतरी सांगून ठेवशील. लहान आहे, चुकली, तिचं मन असं नाही. तुला ते छान जमतं. ताई, जाऊ नकोस. घरीच थांब. त्यांना हे पहिल्यांदा माझ्याकडूनच ऐकू दे.

तुझी
धाकटी